डाव्या कानातली शिट्टी

मला पत्रकं लिहायची सवय आहे. पत्रकात पहिल्याच ओळीत मुद्दा सांगावा लागतो, कारण दुसरी ओळ वाचायला माणूस थांबेलच असं नाही. म्हणून इथेही आधी मुद्दा सांगतो. जिंतूर तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या कामावर सुरुंग उडाला तेव्हा मी जवळ होतो. त्या दुपारपासून माझा डावा कान वाजतो आहे. आणि त्या सुरुंगावर मी जे पत्रक काढलं, त्यातलं सगळ्यात मोठ्या अक्षरातलं वाक्य खोटं होतं. कानाला इलाज सापडला नाही. वाक्याला इलाज होता, पण तो करायला मी तीन आठवडे लावले.

मोठा दुष्काळ कागदावर संपला होता, पण सरकारी कामांवरची गर्दी हटली नव्हती. या तलावाच्या भरावावर दीडदोनशे माणसं मुरूम वाहत होती, त्यात बाया जास्त. एका अंगाला सांडव्याचं खोदकाम चाललं होतं. सांडवा म्हणजे तलाव भरला की जास्तीचं पाणी निघून जायची वाट. तिथे काळा खडक लागला, म्हणून सुरुंग. कामावरचा नियम साधा होता. सुरुंग उडवायचा तो संध्याकाळी, माणसं घरी गेल्यावर. त्याआधी झेंडीवाल्याने पत्र्याचं डबडं बडवत, लाल झेंडी दाखवत सगळ्या कामावरून फिरायचं. झेंडीवाला हा जवळच्याच गावातला म्हातारा, दोन एकर कोरडवाहूचा मालक. घमेलं उचलायची ताकद राहिली नाही म्हणून त्याला झेंडी दिलेली. आवाज मात्र असा की टेकाडापलीकडचं ढोरसुद्धा मान वर करून बघे.

मी आमच्या संघटनेतर्फे तिथे जायचो, दुपारच्या सुट्टीत. मजुरांशी बोलायला तेवढी एकच वेळ. भाकरी खाताना लोक ऐकतात, आणि ऐकलेलं जास्त मनावर घेतात असा माझा अनुभव आहे. माझे मुद्दे तीन होते: प्यायला पाणी, लेकरांना सावली, आणि मुरमाचं माप मजुरांसमोर घ्या. मुकादमाला तीनही नको होते. त्याने माझी सभा मोडायची एक युक्ती काढली. मी बोलायला उभा राहिलो की तो झेंडीवाल्याला पाठवायचा. म्हातारा डबडं बडवत यायचा, "सुरुंग हाय, उठा, टेकाडामागं चला." लोक भाकरी फडक्यात गुंडाळून पळायचे. टेकाडामागे अर्धा तास बसायचे. सुरुंग काही उडायचा नाही. सुट्टी संपायची. दोन वेळा असं झालं.

तिसऱ्या वेळी मी मुरमाच्या ढिगावर उभा होतो. समोर चाळीसेक माणसं. माझ्या शेजारी एक मावशी उभी होती. आमच्यासारख्याच, दीक्षा घेतलेल्या घरातली, बायांच्या टोळीची बोलकी बाई. साहेबापुढे कोण बोलणार असं विचारलं की सगळ्या जणी तिच्याकडे बोट दाखवायच्या. म्हातारा डबडं बडवत आला. लोक अर्धवट उठले.

"बसा," मी म्हणालो. "हे तिसरं नाटक आहे. जो उठेल तो मुकादमाला जिंकवेल."

"पुढारी म्हणायलेत तर बसा की," मागून कुणीतरी म्हणालं, "पळून पळून भाकर पचंना झालीय." लोक हसले आणि बसले.

मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढारी, आज त्येचा आवाज येगळा हाय."

"मावशी, पगारी आवाज आहे तो. मुकादम म्हणेल तसा निघतो."

हे मी म्हाताऱ्याला ऐकू जाईल असं म्हणालो. म्हातारा ढिगावर चढून आला, माझी बाही धरली आणि म्हणाला, "लेकरा, आईची आण, वात पेटवलीय. उतर खाली." मी बाही सोडवून घेतली. एक वाक्य राहिलं होतं माझं, ते मला पूर्ण करायचं होतं. म्हातारा झेंडी हलवत परत समोरच्या बायांकडे पळाला. त्या बाया उठल्या. बाकीचे माझ्याकडे बघत बसले.

आवाज आला असं मला आठवत नाही. आधी पायाखालची जमीन एकदा वर आली. मग कुणीतरी डाव्या बाजूचं जग दार लावून बंद केलं. मग दगड पडायला लागले. भाकरीएवढे, त्याहून मोठे. एकाच्या नडगीला लागला, एका बाईच्या खांद्याला. एक धोंडा एका फडक्यातल्या भाकरीवर बसला, आणि ती बाई धोंड्याकडे बघत राहिली. मेलं कुणी नाही. हे वाक्य मी किती वेळा मनात म्हटलं असेल त्याची गणती नाही. मेलं कुणी नाही.

मागाहून कळलं ते असं. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला येणार होते. सांडव्याचं काम मागे पडलेलं. म्हणून मुकादमाने नियम मोडून दुपारीच वात लावायला सांगितली. म्हणजे चूक त्याचीच. पण ती माझ्या पत्रकात जशी छापली गेली तशी नव्हती.

त्याच संध्याकाळी मी जिंतूरला छापखान्यात गेलो. छापखाना एका चाचांचा, पायाने चालवायचं ट्रेडल यंत्र आणि शिशाच्या टाईपाच्या खणपेट्या, एवढाच. तोवर डावा कान उघडला होता, पण त्यात एक बारीक शिट्टी घुसली होती. परभणीच्या जिनिंगचा भोंगा लांबून ऐकू यावा आणि थांबूच नये, तशी. उद्या जाईल असं धरून मी चाचांना सगळी हकिगत सांगितली, वर दोन कप चहा प्यायलो, आणि मथळा लिहून दिला: 'इशारा न देता सुरुंग. मजुरांच्या जिवाशी खेळ.'

चाचांनी चष्मा वर केला. "अभी तो तू बोला, बुड्ढा डबडा बजाते आया."

"तो इशारा नव्हता चाचा, नाटक होतं. दोनदा खोटं केलं, तिसऱ्यांदा कोण खरं मानेल?"

"मग तसं लिव. दोनदा खोटा इशारा दिला, म्हणून तिसऱ्याला..."

"ओळ लांब होते," मी म्हणालो.

हे मी म्हणालो, यात काही मीठमिरची नाही. मोठ्या टाईपात एका ओळीत बसेल ते खरं, अशी आमची शिकवण. चाचा अक्षरं जुळवायला लागले. जुळवता जुळवता एवढंच म्हणाले, "हा सिसा हाय बाबा. ह्यात बसवलं की खोटं बी लय वजनदार दिसतंय."

गुलाबी कागदावर पत्रक निघालं. एसटीने पालमपर्यंत, पेडगावपर्यंत गेलं. स्टँडवर डकवलेलं लोक मोठ्याने वाचत होते. मी स्वतःवर खूश होतो.

शिट्टी गेली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. आईने करडईच्या तेलात लसूण कडवून कानात घातलं, तेव्हा शिट्टी होती तशीच राहिली, फक्त तिला लसणाचा वास यायला लागला. आई म्हणाली, "कुणी तरी लय आठवण काढायलंय तुझी." मी तिच्यावर ओरडलो. आईवर ओरडलो याचं मला वाईट वाटलं ते नंतर. तेव्हा वाटलं की एवढ्या मोठ्याने ओरडल्यावर निदान क्षणभर कान गप्प बसला. तेव्हापासून मी सगळ्यांशीच मोठ्याने बोलायला लागलो. लोक म्हणत, अरे आम्ही बहिरे नाही. मीही नव्हतो. मला सगळं ऐकू येत होतं, शिवाय एक जास्तीचं.

सगळ्यात अवघड झालं ते विहारात. वंदना संपली की थोडा वेळ डोळे मिटून शांत बसायचं असतं. लहानपणापासून मला ती पाच मिनिटं आवडायची. आता लोक गप्प झाले की शिट्टी पुढे यायची, जसा सभेत एखादा आगाऊ माणूस पुढे येऊन बसतो. मी डोळे उघडे ठेवून बसायला लागलो. मग जाणंच सोडलं. रात्रीचं सांगत नाही. ज्याचा कान वाजतो त्याला माहीत आहे, ज्याचा वाजत नाही त्याला सांगून उपयोग नाही.

माझा राग कुणावर होता हे मला नीट सांगता येत नव्हतं. पाय मोडला तर लोक पाय बघतात. कानातलं कुणाला दाखवणार? मोर्चाला जखमी माणूस पुढे ठेवतात. मला आमच्या एका कार्यकर्त्याने विचारलं, "पट्टी बांधतोस का कानाला? दिसेल तरी." मी बांधली नाही, पण बांधावी असं वाटलं होतं.

शेवटी परभणीला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी एक लोखंडी चिमटा वाजवून माझ्या कपाळावर टेकवला, मग कानामागे. मग म्हणाले, "आतली नस दुखावली आहे. या कानाने थोडं कमी ऐकू येईल. आवाज कदाचित कमी होईल, कदाचित राहील."

"औषध?"

"गोळ्या देतो. पण त्यांनी जाईलच असं सांगितलं तर ते खोटं होईल."

गोळीबद्दलसुद्धा खोटं बोलायची तयारी नसलेला माणूस मला तेव्हा अजिबात नको होता. "मग मी करू काय?"

"अगदी शांत जागी बसू नका. घरी पंखा चालू ठेवा."

"घरी वीज नाही."

"मग माणसांत बसा. आणि त्याच्याशी भांडू नका. भांडलात की तो जास्त ऐकू येतो."

भांडू नका हा सल्ला मला आयुष्यात पहिल्यांदा मिळत नव्हता. पण फी घेऊन पहिल्यांदाच.

एक जागा मला सापडली होती, ती चाचांचा छापखाना. यंत्र चाललं की शिट्टी त्या खडखडाटात बुडून जायची. लग्नपत्रिका छापायच्या असल्या की मला बरं वाटायचं, कारण त्या जास्त असतात. मी यंत्राला डावा कान लावून स्टुलावर बसायचो. चाचा म्हणायचे, "आला का कान शेकायला?" यंत्र थांबलं की ती परत यायची, पण आधीचा तास तर आपला झाला.

तिथेच मावशी मला शोधत आली. बाजाराचा दिवस होता. डोक्यावर पदर, हातात मिरच्यांची पिशवी. ती माझ्या उजव्या बाजूला आली आणि आपली उजवी बाजू माझ्याकडे करून उभी राहिली. म्हणजे तिचाही डावा कान गेला होता.

"म्हाताऱ्याला काढलं," ती म्हणाली.

"कोणत्या?"

"झेंडीवाल्याला. कागद आलाय वरून. मुकादम म्हणला, इशारा द्यायचं काम त्येचं. पुढाऱ्याच्या कागदातच लिवलंय की इशारा दिला न्हाई. गुलाबी कागद साहेबाच्या टेबलावर हाय म्हणं."

चाचांनी यंत्रावरचा पाय काढला. यंत्र थांबलं, आणि शिट्टी आली.

"म्या शिकलेली न्हाई," मावशी म्हणाली, "वाचून दाखवा काय लिवलंय ते."

भिंतीला एक पत्रक डकवलेलंच होतं. मी ते तिच्या उजव्या कानाशी वाचलं. पहिली ओळ वाचली आणि दुसऱ्या ओळीला माझा आवाज कमी झाला. ती म्हणाली, "जोरात. मला बी ऐकू येत न्हाई आता." मग मी सगळं वाचलं.

तिने पत्रकावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्या तुमाला म्हणले होते, आवाज येगळा हाय."

"हो."

"माझा डावा कान बी वाजायलाय. रातकिडा बसल्यावानी. हजेरीला नाव घेतलं की कळत न्हाई, शेजारीण ढोसते तवा हात वर करते. लय तरास हाय. पण त्यो म्हातारा आपल्यापाशी येऊन गेला होता. सोता पळायचं सोडून." तिने पिशवी खाली ठेवली. "सोमवारी साहेब यायलाय, जबान्या घ्यायला. समदे म्हणायलेत, पुढाऱ्यानं लिवलंय तेच सांगू, म्हंजी मुकादम अडकंल."

"मुकादम नाही अडकणार. म्हातारा अडकेल."

"त्येच सांगायला आले," मावशी म्हणाली. "म्या खोटं सांगणार न्हाई. तुमी काय करता ते तुमी बगा." आणि मिरच्यांची पिशवी उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी मी परभणीला आमच्या संघटनेच्या वडीलधाऱ्या कार्यकर्त्याकडे गेलो. या माणसाने मला पत्रक लिहायला शिकवलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मुकादमाने नियम मोडला हे खरं ना?"

"खरं."

"मग एका ओळीने काय बिघडतं? चुकीची दुरुस्ती छापणारी चळवळ मी अजून पाहिली नाही. उद्यापासून आपलं प्रत्येक पत्रक ते खोटं म्हणतील."

"म्हातारा उपाशी मरेल."

"त्याला आपण दुसरीकडे लावू." हे तो माझ्या डाव्या बाजूने म्हणाला. मला नीट ऐकू आलं नाही. परत म्हणायला सांगितलं. दुसऱ्यांदा म्हणताना त्याच्या वाक्यातला जीव गेला होता, ते त्यालाही कळलं असावं. मी निघालो.

एक कबूल करतो. एसटीत बसल्यावर मला असंही वाटलं होतं की दुरुस्ती छापली तर कदाचित कान गप्प होईल. आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही. पापाचं फळ, देवाचा कोप, हे सगळं आमच्या माणसांनी सोडून दिलेलं. पण कान वाजायला लागला की माणूस कसलाही सौदा करायला तयार होतो. मी स्वतःला बजावलं: नसेला न्याय-अन्याय कळत नाही. छापायचं ते म्हाताऱ्यासाठी छापायचं.

चाचांकडे गुलाबी कागदाचे थोडे ताव उरले होते. मी मथळा लिहून दिला. 'इशारा दिला होता. बसा असं मी म्हणालो.' चाचांनी वाचला.

"आता ओळ लांब झाली तर?"

"दोन ओळी करा. टाईप बारीक घ्या."

"बारीक कामून?" चाचा म्हणाले. "जितका मोठा झूट था, उतनाच बडा सच लगेगा. तोच टाईप." आणि तोच टाईप लावला. खाली मी बाकीचं लिहिलं. आधीचे दोन खोटे इशारे. दुपारी वात लावून मोडलेला नियम. ढिगावर चढून माझी बाही धरणारा म्हातारा. आणि त्याच्या आवाजाला मी काय म्हणालो होतो तेही.

सोमवारी बाभळीखाली साहेब खुर्ची टाकून बसले. मजूर समोर उभे. म्हातारा लांब, धोतराचा सोगा हातात धरून. मुकादमाने माझ्याकडे बघून मान हलवली. मी पत्रक साहेबांच्या हातात दिलं.

साहेबांनी वाचलं. "म्हणजे लोकांना धोक्यात तुम्ही ठेवलंत."

"हो. मुकादमाने खोटे इशारे दिले म्हणून मला खऱ्याचा भरवसा वाटला नाही. पण बसा म्हणालो तो मी."

"हे लिहून देता?"

"छापूनच आणलंय."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी उठून माझ्या डाव्या अंगाला येत आणखी काही विचारलं. मला कळलंच नाही. माझ्या कोपराला एक ढोसणी बसली. मावशी. "इचारायलेत, दोनदा खोटा इशारा दिला तवा कोण कोण होतं?" मी मागे बघितलं, तर हात वर होत होते.

म्हाताऱ्याला परत घेतलं. मुकादमाला समज देण्यात आली. समज म्हणजे नक्की काय देतात आणि ती कुठे ठेवतात, हे मी अजून शोधतो आहे. मला कामाच्या हद्दीत यायला मनाई झाली, आणि संघटनेने काही महिने माझ्याकडून पत्रकं लिहून घेतली नाहीत. वडीलधाऱ्यांनी मला बैठकीत मागे बसवलं. मागे बसल्यावर मला निम्मंच ऐकू यायचं, ते एका अर्थी बरंच होतं.

कान काही गप्प झाला नाही. ज्या दिवशी म्हातारा कामावर परत गेला, त्या दिवशी कान जरा जास्तच वाजला असं मला वाटलं. पण ते वाटणंच असावं.

पुढच्या आठवड्यात लोक सुट्टीत हद्दीबाहेरच्या लिंबाखाली आले. मला निरोप पाठवला होता. मी गेलो. बघतो तर म्हातारा सगळ्यात पुढे बसलेला. झेंडी घडी घालून मांडीखाली, डबडं शेजारी उपडं.

"तुम्ही इथे?" मी विचारलं.

"मी हितं बसलो की कुणाच्या बापाला वात लावता येत न्हाई," म्हातारा म्हणाला. "झेंडीबिगर सुरुंग न्हाई, आता साहेबाचाच हुकूम हाय. बोल तू."

मी म्हणालो, "बाबा, त्या दिवशी मी पगारी आवाज म्हणालो होतो."

"पगारी तर हायच की. फुकट कोण वरडतं? तुझंच तेवढं फुकट."

लोक हसले. मी बोलायला उभा राहिलो. लिंबाखाली सगळे गप्प झाले, आणि अर्थातच ती शिट्टी पुढे येऊन बसली. मावशी माझ्या डाव्या हाताला आली, कोपराजवळ. आमचं तसं ठरलं नव्हतं, पण डावीकडचं ती मला सांगणार हे उघड होतं. तिच्या डावीकडचं तिला कोण सांगणार, हे मात्र मी विचारलं नाही. तिने आपल्या डावीकडे शेजारणीला बसवलं होतं.

"कमी हाय का तुमचं?" तिने हळू विचारलं.

"नाही."

"माझं बी न्हाई. बोला आता, सुट्टी संपायली."

मी पाण्यापासून सुरुवात केली.